ओझरमधून तेजस उडालं, मग ते लढायला तयार झालं का? 'विमान दाखल झालं' या बातमीचा नेमका अर्थ काय

१७ ऑक्टोबर २०२५. नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून एक लढाऊ विमान उडालं आणि पुढचे दोन-तीन दिवस त्याचे रील्स प्रत्येकाच्या फोनमध्ये फिरत राहिले. ते होतं तेजस मार्क-१ए, नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं. 'महाराष्ट्रात बनलेलं फायटर जेट', 'आता शेजाऱ्यांची झोप उडणार' अशा कॅप्शन्सचा पाऊस पडला.

बरोबर पाच आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला, दुबईच्या एअर शोमध्ये एक तेजस कोसळलं. विंग कमांडर नमांश स्याल यांचा मृत्यू झाला. त्या रात्री त्याच फोनमध्ये वेगळाच पाऊस सुरू झाला. ज्यांनी ऑक्टोबरमध्ये तेजसला राफेलच्या वर बसवलं होतं, त्यातल्याच काहींनी नोव्हेंबरमध्ये त्याला भंगारात काढलं.

गंमत अशी, की या दोन्ही बातम्यांमधलं विमान एकच नव्हतं. ओझरमध्ये उडालं ते मार्क-१ए. दुबईत पडलं ते आधीचं मार्क-१. पहिलं अजून हवाई दलाच्या ताब्यात गेलेलं नव्हतं, तर दुसरं अनेक वर्षं सेवेत होतं. पण पोस्टमध्ये दोघांचंही नाव एकच, तेजस.

त्यामुळे तेजस भारी की बेकार, या भांडणात पडण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा. लढाऊ विमान 'सेवेत दाखल झालं' असं नेमकं कधी म्हणायचं? आणि तेजसबद्दल जी चार मतं सगळीकडे ऐकू येतात, त्यात तथ्य किती?

आधी थोडा इतिहास

भारताने हलक्या लढाऊ विमानाच्या प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी दिली. पुढच्या वर्षी त्यासाठी बंगळुरूत एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी, म्हणजे एडीए, स्थापन झाली. विमानाचा आराखडा एडीएने करायचा आणि बांधणी हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजे एचएएलने करायची, अशी ही विभागणी. हेतू एकच होता. म्हातारी होत चाललेली मिग-२१ कधीतरी जाणार, त्यांच्या जागी आपलं विमान हवं.

पहिलं तेजस आकाशात गेलं ४ जानेवारी २००१ ला. 'तेजस' हे नाव अटलबिहारी वाजपेयी यांनी २००३ मध्ये दिलं. पहिली स्क्वाड्रन उभी राहिली १ जुलै २०१६ ला. क्रमांक ४५, नाव 'फ्लाइंग डॅगर्स'. दुसरी, क्रमांक १८ 'फ्लाइंग बुलेट्स', मे २०२० मध्ये तमिळनाडूतल्या सुलूर तळावर. या दोन स्क्वाड्रनसाठी ४० मार्क-१ विमानांची ऑर्डर होती.

त्यानंतर आलं मार्क-१ए. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. २५ सप्टेंबर २०२५ ला आणखी ९७ विमानांचा, ६२,३७० कोटींचा करार झाला. म्हणजे एकूण १८० मार्क-१ए.

या दुसऱ्या कराराच्या दुसऱ्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप देण्यात आला. तब्बल ६२ वर्षांच्या सेवेनंतर. ज्याची जागा घ्यायची होती ते विमान गेलं, पण जागा घेणारं विमान तोवर पोहोचलेलं नव्हतं. सगळा पेच इथून सुरू होतो.

मल्टीरोल म्हणजे काय?

बातम्यांमध्ये तेजसला 'बहुउद्देशीय' किंवा 'मल्टीरोल' विमान म्हणतात. हा शब्द समजून घ्यायला ओझरचाच इतिहास कामाला येतो.

ओझरचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो मिग-२१ बांधण्यासाठीच. नाशिककरांच्या तोंडी त्या वसाहतीचं नाव आजही 'ओझर मिग' असंच आहे. मिग-२१ चं मूळ काम होतं शत्रूचं विमान दिसलं की झेप घेऊन त्याला गाठणं. जमिनीवर हल्ला करायला वेगळं विमान लागायचं, मिग-२७. तेही ओझरमध्येच बांधलं गेलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये तेही निवृत्त झालं.

म्हणजे पूर्वी एका कामाला एक विमान, दुसऱ्या कामाला दुसरं. त्यांचे वैमानिक वेगळे, सुटे भाग वेगळे, मेकॅनिकचं प्रशिक्षण वेगळं. मल्टीरोल विमान ही कामं एकट्याने करतं. हवेत लढायचं, जमिनीवर बॉम्ब टाकायचे, टेहळणी करायची. पंखाखाली काय टांगलंय आणि कॉम्प्युटरमध्ये कोणता मोड सुरू आहे यावर काम ठरतं. एकाच उड्डाणात वैमानिक कामं बदलूही शकतो.

याची किंमतही असते. तेजस हे हलकं विमान आहे. पूर्ण भरल्यावर कमाल वजन सुमारे साडेतेरा टन. एका इंजिनाच्या छोट्या विमानावर जितकी शस्त्रं आणि इंधन मावेल, तितकंच ते नेणार. सगळी कामं करता येतात, याचा अर्थ सगळ्या कामांत ते सगळ्यांच्या पुढे आहे असा होत नाही.

मार्क-१ए मध्ये नवीन काय?

बाहेरून पाहिलं तर मार्क-१ आणि मार्क-१ए जवळजवळ सारखेच. फरक आत आहे.

सगळ्यात मोठा बदल रडारचा. जुन्या पद्धतीच्या रडारमध्ये ॲन्टेनाची तबकडी मोटरने इकडेतिकडे फिरते आणि ती ज्या दिशेला वळेल तिथे पाहते. मार्क-१ए मध्ये एईएसए रडार आहे. त्याची तबकडी हलत नाही. तिच्यावर शेकडो छोटे प्रक्षेपक बसवलेले असतात आणि रेडिओ लहरींचा झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने क्षणार्धात कुठेही वळवता येतो. एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नजर ठेवता येते आणि शत्रूला असं रडार जॅम करणं जड जातं. सुरुवातीच्या विमानांवर इस्रायली रडार आहे, तर दुसऱ्या करारातल्या विमानांवर भारतात विकसित केलेलं 'उत्तम' रडार बसवायचं ठरलं आहे.

दुसरा बदल, शत्रूच्या रडारला फसवणारी आणि क्षेपणास्त्र येतंय याची सूचना देणारी इलेक्ट्रॉनिक युद्ध यंत्रणा. दुसऱ्या करारात यासाठीही 'स्वयम् रक्षा कवच' ही स्वदेशी यंत्रणा आहे. तिसरा बदल शस्त्रांचा. नजरेच्या टप्प्यापलीकडे मारा करणारं 'अस्त्र' हे भारतीय क्षेपणास्त्र या विमानासाठी महत्त्वाचं आहे.

आणि चौथी गोष्ट, जिच्यावर रील बनत नाही. देखभाल. विमानाचं पॅनेल उघडून बिघडलेला भाग किती वेळात बदलता येतो, यावर युद्धात एक विमान दिवसातून किती वेळा उडेल ते ठरतं. मार्क-१ए मध्ये हे काम सोपं करण्यावर भर दिलेला आहे.

मग 'दाखल झालं' म्हणजे नेमकं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लढाऊ विमानाच्या आयुष्यात किमान पाच वेगवेगळे 'पहिले दिवस' असतात आणि बातमीत ते सगळे एकसारखेच दिसतात.

पहिला, प्रोटोटाइपचं पहिलं उड्डाण. आराखडा चालतो का, एवढंच इथे सिद्ध होतं. तेजससाठी हा दिवस होता जानेवारी २००१.

दुसरा, प्रारंभिक मंजुरी, म्हणजे आयओसी. विमान ठरावीक मर्यादेत नेहमीचे वैमानिक उडवू शकतात, असा त्याचा अर्थ. तेजसला ही मंजुरी टप्प्याटप्प्याने मिळाली, दुसरा टप्पा डिसेंबर २०१३ मध्ये.

तिसरा, अंतिम मंजुरी, म्हणजे एफओसी. ठरलेली शस्त्रं, हवेत इंधन भरणं, वेगाच्या आणि वळणाच्या कमाल मर्यादा, हे सगळं तपासून झालेलं. मार्क-१ साठी फेब्रुवारी २०१९.

चौथा, कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक विमानाचं पहिलं उड्डाण. ओझरमध्ये १७ ऑक्टोबरला झालं ते हे. हे उड्डाण एचएएलचे चाचणी वैमानिक करतात. त्यानंतर त्या विमानाच्या आणखी फेऱ्या होतात, दोष निघाले तर दुरुस्त होतात, आणि मग हवाई दलाचे स्वतःचे लोक तपासून विमान ताब्यात घेतात.

पाचवा, स्क्वाड्रन. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात. तेवढी विमानं, तयार वैमानिक, तंत्रज्ञ, सुटे भाग आणि शस्त्रसाठा जमला की मगच ती स्क्वाड्रन युद्धात पाठवता येते.

हे टप्पे किती मागेपुढे होऊ शकतात पाहा. 'फ्लाइंग डॅगर्स' स्क्वाड्रन २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याकडे दोन विमानं होती. बातमी खोटी नव्हती, तेजस खरंच हवाई दलात दाखल झालं होतं. पण अंतिम मंजुरी त्यानंतर अडीच वर्षांनी आली.

मार्क-१ए चंही तसंच. बंगळुरूत बांधलेल्या पहिल्या मार्क-१ए ने २८ मार्च २०२४ ला उड्डाण केलं. विमानं हवाई दलाला मिळायला सुरुवात त्याच सुमारास व्हायची होती. प्रत्यक्षात २०२५ संपेपर्यंत एकही मार्क-१ए हवाई दलाच्या ताब्यात गेलेलं नव्हतं. म्हणजे ओझरचा व्हिडिओ शंभर टक्के खरा, आणि 'हवाई दलाला नवं विमान मिळालं' हे त्यावरचं कॅप्शन चूक.

आता येऊ त्या चार मतांकडे.

मत पहिलं: 'चाळीस वर्षं लागली, यातच सगळं आलं'

उशीर झाला, यात वाद नाही. १९८३ ची मंजुरी आणि २०१६ ची पहिली स्क्वाड्रन, मध्ये ३३ वर्षं.

पण हिशेब नीट मांडायचा तर इतरांकडेही पाहावं लागेल. फ्रान्सच्या राफेलचं पहिलं प्रात्यक्षिक विमान १९८६ मध्ये उडालं आणि फ्रेंच हवाई दलात ते २००६ मध्ये सेवेत आलं. वीस वर्षं. आणि फ्रान्स तेव्हा काही नवखा नव्हता, त्याच्यामागे मिराज विमानांच्या पिढ्या होत्या. तेजसच्या पहिल्या उड्डाणापासून पहिल्या स्क्वाड्रनपर्यंत लागली १५ वर्षं. खरी ढिलाई आहे ती त्याच्या आधीच्या १८ वर्षांत.

त्या काळात काय झालं? भारतात शेवटचं स्वतःच्या आराखड्याचं लढाऊ विमान होतं 'मरुत'. ते १९६१ मध्ये उडालं. त्यानंतर आपण परवान्यावर परदेशी विमानं बांधत राहिलो आणि आराखडा करण्याचं कसब मागे पडलं. तेजससाठी सगळं पुन्हा शिकावं लागलं. त्यातही रस्ता अवघड निवडला. तेजसला मागची आडवी शेपटी नाही आणि ते मुद्दाम अस्थिर ठेवलेलं आहे, म्हणजे ते चटकन वळतं. पण असं विमान माणसाला नुसत्या हातांनी सांभाळता येत नाही. कॉम्प्युटर क्षणोक्षणी त्याचा तोल सावरतो. या संगणकीय नियंत्रणावर भारतीय टीम अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर काम करत होती. मे १९९८ मध्ये पोखरण अणुचाचण्या झाल्या, निर्बंध लागले आणि टीमला परत यावं लागलं. उरलेलं काम त्यांनी इथे पूर्ण केलं.

म्हणजे जुन्या उशिरामागे कारणं आहेत. आजच्या उशिराचं काय? तो २०२४ नंतरचा आहे आणि त्याला पोखरणचं कारण देता येणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या एअरो इंडियामध्ये खुद्द हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह यांनी एचएएलच्या अधिकाऱ्यांसमोर उघड नाराजी व्यक्त केली होती. कंपनीवर आपला विश्वास उरलेला नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ग्राहकच असं म्हणत असेल, तर टीका करणाऱ्या प्रत्येकाला देशद्रोही ठरवण्यात अर्थ नाही.

मत दुसरं: 'इंजिन अमेरिकेचं, मग स्वदेशी कसलं?'

तेजसमध्ये अमेरिकेच्या जीई कंपनीचं एफ-४०४ इंजिन आहे, हे खरं. आपण 'कावेरी' नावाचं इंजिन बनवायला घेतलं होतं. त्याची ताकद कमी पडली आणि २००८ मध्ये ते तेजस प्रकल्पापासून वेगळं करण्यात आलं.

मी बुरोंडीची. दापोली तालुक्यातलं हे मच्छीमारांचं गाव. आमच्या किनारपट्टीवर लाकडी होडी बांधणारे कारागीर आहेत. होडीचा आकार किती ठेवायचा, पुढचा भाग किती उचलायचा, लाट कशी कापायची, हे डोकं त्यांचं. इंजिन मात्र कंपनीचं, बाहेरून आणलेलं. म्हणून त्या होडीला कुणी कंपनीची होडी म्हणत नाही. विमानाचंही तसंच आहे. स्वीडनचं ग्रिपेन हे जगात विकलं जाणारं लढाऊ विमान याच एफ-४०४ वरून तयार केलेल्या इंजिनावर उडतं. दक्षिण कोरियाचं एफए-५० हेदेखील एफ-४०४ वरच. त्यांना कुणी 'अमेरिकन' म्हणत नाही.

आराखडा आपला असल्याचा खरा फायदा वेगळाच आहे. ओझरमध्ये मिग आणि नंतर सुखोई बांधली गेली, पण नकाशे रशियाचे होते. त्यात नवं क्षेपणास्त्र बसवायचं तर मूळ कंपनीकडे जावं लागतं. तेजसचं सॉफ्टवेअर आपल्याकडे आहे, त्यामुळे आपलं 'अस्त्र' आपण स्वतः जोडू शकतो.

पण होडीचं उदाहरण उलटंही लागू पडतं. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. १ ऑगस्टला हंगाम सुरू होतो. त्या दिवशी होडी रंगवून तयार आहे आणि इंजिन आलेलं नाही, तर होडी कितीही आपली असली तरी ती किनाऱ्यावरच बसणार. मार्क-१ए चं हेच झालं. जीईने आधीच्या ऑर्डरची ६५ इंजिनं २०१६ पर्यंत देऊन टाकली. पुढची मागणी नव्हती, म्हणून त्या इंजिनाचं उत्पादन थांबलं. भारताने २०२१ मध्ये ९९ इंजिनं मागवली, तेव्हा बंद पडलेली साखळी पुन्हा जुळवावी लागली. त्यातलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५ मध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी ११३ इंजिनांचा करार झाला आहे.

यात एक जुना धडाही आहे. 'मरुत'चा आराखडा चांगला मानला जायचा, पण त्याला पुरेशा ताकदीचं इंजिन कधीच मिळालं नाही. जवळपास दीडशे विमानं बांधून तो प्रकल्प तिथेच संपला. तेव्हा 'इंजिन परदेशी म्हणून तेजस स्वदेशी नाही' हे मत चूक, पण 'इंजिनासाठी आपण दुसऱ्यावर अवलंबून आहोत' ही काळजी अगदी बरोबर. ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

मत तिसरं: 'दुबईत पडलं, म्हणजे विमानच खराब'

दुबईची घटना हजारो लोकांसमोर आणि कॅमेऱ्यांसमोर घडली. एक अनुभवी वैमानिक गेला. त्याचं गांभीर्य कमी करण्याचं कारण नाही.

तरी आकडे पाहायला हवेत. जानेवारी २००१ मधल्या पहिल्या उड्डाणापासून मार्च २०२४ पर्यंत, म्हणजे २३ वर्षांत, एकही तेजस कोसळलं नव्हतं. १२ मार्च २०२४ ला जैसलमेरजवळ पहिलं कोसळलं, वैमानिक सुखरूप बाहेर पडला. दुबईचा दुसरा अपघात. मिग-२१ ला 'उडती शवपेटी' हे नाव पडलं ते शेकडो अपघातांनंतर. तेजसला तेच नाव लावणं म्हणजे आकड्यांकडे डोळेझाक करणं.

ग्रिपेनचं उदाहरण इथेही घ्या. त्याचं पहिलं प्रोटोटाइप १९८९ मध्ये उतरताना कोसळलं. १९९३ मध्ये तर स्टॉकहोम शहरात, लोकांसमोर प्रात्यक्षिक चालू असताना दुसरं कोसळलं. दोन्ही वेळा नियंत्रण यंत्रणेतले दोष सापडले, ते दुरुस्त झाले आणि पुढे अनेक देशांनी ते विमान घेतलं. मुद्दा असा नाही की अपघात किरकोळ असतात. मुद्दा असा, की अपघातानंतर कारण शोधून ते मान्य केलं जातं का, यावर विमानाचं भवितव्य ठरतं.

दुबईच्या अपघाताची हवाई दलाने चौकशी लावली. अपघाताच्या दुसऱ्या मिनिटापासून 'इंजिन बंद पडलं', 'पायलटची चूक' असे निकाल देणाऱ्या पोस्ट मात्र चौकशीची वाट पाहत नव्हत्या. आणखी एक नमुना. अपघाताच्या आदल्या दिवशीच 'तेजसमधून तेल गळतंय' असा दुबईचा एक व्हिडिओ फिरत होता. सरकारी फॅक्ट चेकने तेव्हाच सांगितलं होतं, की ते तेल नाही. एसीमधून पाणी निघतं तसं विमानाच्या यंत्रणेत साठलेलं पाणी नेहमीप्रमाणे काढून टाकलं जात होतं. अपघात झाल्यावर तोच व्हिडिओ 'पुरावा' म्हणून पुन्हा फिरला.

मत चौथं: 'त्यापेक्षा राफेलच घ्या'

राफेल तेजसपेक्षा ताकदवान आहे का? आहे. दोन इंजिनं, कमाल वजन साडेचोवीस टन, म्हणजे तेजसच्या पावणेदोन पटींहून जास्त. ते लांब जातं, जास्त शस्त्रं नेतं. ही दोन विमानं एका वर्गातली नाहीतच. ट्रक आणि टेम्पोची शर्यत लावण्यासारखं आहे हे.

आता पैसे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एमचा करार झाला, सुमारे ६३ हजार कोटींचा. सप्टेंबरमध्ये जवळपास तेवढ्याच रकमेत ९७ तेजस आली. ही तुलना तंतोतंत नाही. राफेलच्या रकमेत शस्त्रं, प्रशिक्षण, देखभाल असं बरंच काही आहे आणि तेजसच्या रकमेत कर धरलेले नाहीत. तरी अंदाज यायला एवढं पुरेसं आहे. सगळं हवाई दल राफेलने भरायचं तर तिजोरी पुरणार नाही, आणि रोजच्या पहाऱ्यासाठी इतकं महाग विमान उडवणं परवडतही नाही. म्हणून जगातली मोठी हवाई दलं जड आणि हलकी विमानं मिसळून ठेवतात. भारतात जड काम सुखोई आणि राफेलचं, संख्येचं काम तेजसचं.

फक्त एक अट आहे. संख्येचं काम करायचं तर संख्या यायला हवी.

खरा प्रश्न आकड्यांचा

हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन आहेत ४२. मिग-२१ गेल्यावर उरल्या २९. तेरा स्क्वाड्रनची तूट. आणि जग्वार, मिराज-२०००, जुनी मिग-२९ हीदेखील निवृत्तीच्या वाटेवर आहेत.

इथे ओझरचं महत्त्व येतं. बंगळुरूच्या दोन उत्पादन रांगांमधून वर्षाला १६ विमानं निघू शकतात, असं नियोजन आहे. ओझरची ही तिसरी रांग आणखी ८ विमानांची. एकूण २४. सोपा हिशेब करा. १८० विमानं, वर्षाला २४, म्हणजे साडेसात वर्षं. त्यातून साधारण दहा स्क्वाड्रन भरतात. ओझरची रांग नसती तर हेच काम अकरा वर्षांवर गेलं असतं.

पण हा हिशेब सगळं वेळेवर झालं तर. इंजिनं वेळेवर, रडार वेळेवर, चाचण्या वेळेवर. यातला एक तुकडा अडकला की बाकीचं विमान हँगरमध्ये उभं राहतं. यावर उपाय म्हणून एचएएलने विमानाचे मोठे भाग खासगी कंपन्यांकडे दिले आहेत. पंख कोइमतूरच्या एल अँड टीकडून, मधला सांगाडा हैदराबादच्या व्हीईएमकडून, मागचा भाग बंगळुरूच्या अल्फा टोकोलकडून येतो. ओझरसारख्या ठिकाणी ते जोडले जातात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्ष ठेवायची गोष्ट हीच आहे. ओझरमध्ये विमान जोडलं जाणं अभिमानाचं आहेच. पण त्याचे भाग बनवण्याचं काम सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपपर्यंत, नाशिकच्या आयटीआय झालेल्या मुलांपर्यंत किती पोहोचतं, यावर या रांगेचा खरा फायदा ठरेल. सोबत एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी रांगही ओझरमध्येच सुरू झाली आहे, त्यामुळे काम वाढण्याची शक्यता नक्कीच आहे.

पुढची पोस्ट शेअर करताना

तेजसची पुढची बातमी येईल तेव्हा चार गोष्टी तपासा.

एक, कोणतं तेजस? मार्क-१, मार्क-१ए, की अजून तयार होत असलेलं मार्क-२?

दोन, कोणता टप्पा? पहिलं उड्डाण, मंजुरी, ताब्यात देणं, की स्क्वाड्रन?

तीन, आकडा ऑर्डरचा आहे की आलेल्या विमानांचा? '१८० तेजस' ही ऑर्डर आहे, ताफा नाही.

चार, अपघाताची बातमी असेल तर कारण कोण सांगतंय? चौकशी अहवाल, की पार्श्वसंगीत लावलेला व्हिडिओ?

हे का करायचं? कारण आपल्या मतांचाही परिणाम होतो. पहिल्या उड्डाणालाच आपण विजय साजरा करून मोकळे झालो, की विमान दोन वर्षं उशिरा आलं तरी कुणाला जाब द्यावा लागत नाही. आणि प्रत्येक अपघातानंतर सगळा प्रकल्पच मोडीत काढा म्हणालो, की पुन्हा मरुतसारखी पन्नास वर्षांची खिंड पडते. दोन्हीची किंमत मोजतो तो कॉकपिटमध्ये बसलेला वैमानिक. नवं विमान वेळेवर आलं नाही, तर त्याला जुनंच घेऊन उडावं लागतं. मिग-२१ ६२ वर्षं उडत राहिलं, त्यामागचं मोठं कारण हेच होतं.

त्यामुळे येत्या काळात एकाच आकड्यावर नजर ठेवा. ओझर आणि बंगळुरूतून मिळून वर्षाला खरोखर किती मार्क-१ए हवाई दलाच्या ताब्यात गेली. तो २४ च्या जवळ गेला, तर टीका करणाऱ्यांनी मत बदलायला हरकत नाही. तो आठ-दहावरच अडकला, तर टाळ्या वाजवणाऱ्यांनी प्रश्न विचारायला हवेत.